यादीत न मावलेलं नाव

एका तालुक्याच्या गावात एक टायपिस्ट होता. त्याचं नाव मुकुंद लोहार. तहसील कचेरीसमोरच्या गाळ्यात बसून तो लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. गावात त्याला सगळे ‘सर’ म्हणत, कारण एके काळी एसटी स्टँडच्या वरच्या मजल्यावर तो टायपिंगचा क्लास चालवायचा. बारा मशीन, बारा स्टुलं, आणि सकाळी सातपासून असा खडखडाट, की खाली कंडक्टरला गाडीचं नाव दोनदा ओरडावं लागे.

काय दिवस होते ते! काळी-लाल रिबीन, बोटांना लागणारा कार्बनचा जांभळा डाग, परीक्षेच्या आदल्या दिवशी मशीनला घातलेलं तेल. ओळ संपत आली की मशीनमधली छोटीशी घंटा टिंग करून वाजायची. घंटा वाजली की डावा हात उचलायचा, दांडी ओढायची, कागद धरणारी गाडी मागे न्यायची, नवी ओळ. मुकुंद सर पोरापोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवत. “घंटा ऐका. घंटेपुढे जो गेला, त्याचं पान वाया गेलं.”

मग कॉम्प्युटर आले. क्लास बंद पडला. मशीनं भंगारात गेली, एक तेवढं सरांनी घरी आणून पलंगाखाली ठेवलं. सरांनीही कॉम्प्युटर घेतला. सरकारी संगणक परीक्षा दिली, पास झाले, प्रमाणपत्र चौकट करून गाळ्यात टांगलं. आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटरवर अगदी टाइपरायटरसारखं काम करू लागले.

म्हणजे कसं? ओळ संपत आली की सरांच्या कानात टिंग व्हायचं. कॉम्प्युटरला घंटा नसते, पण सरांना ऐकू यायची. ते लगेच एंटर दाबायचे. शब्द पुढे सरकवायचा असला की स्पेसबार दाबायचे, दहा वेळा तर दहा वेळा. अनुक्रमांक हाताने, पानाच्या खालचा आकडाही हाताने. पडद्यावर वरच्या बाजूला बटणांच्या रांगाच्या रांगा होत्या. सर तिकडे बघतही नसत. परक्या माणसाच्या घरात कपाटं उघडून बघू नयेत, तसं त्यांना वाटायचं.

अर्ज एका पानाचा असतो. एका पानात हे सगळं खपून जातं. पंधरा वर्षं खपलं.

सरांचा आणखी एक नियम होता. तो जुन्या टायपिस्टांचा धर्मच म्हणा. समोरच्या कागदात जे असेल तेच टाइप करायचं. आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. अर्जात बायकोचं नाव चुकलेलं असो की गावाचं, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

अशात गावच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं पुरी झाली. मुख्याध्यापिका घोंगडेबाईंनी ठरवलं, की शाळेत एक दिवस जरी बसला असेल अशा प्रत्येकाचं नाव असलेलं पुस्तक काढायचं. समारंभात ते हिंगमिरे गुरुजींच्या हातात द्यायचं. गुरुजी म्हणजे शाळेचा जिवंत इतिहास. वय सत्त्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी त्याच शाळेत खडू झिजवला होता. शाळेच्या जुन्या रजिस्टरांपैकी चार वर्षांची रजिस्टरं वाळवीने खाल्ली होती. त्या वर्षांची नावं गुरुजींनी घरी बसून आठवून आठवून लिहून दिली.

काम अर्थातच मुकुंद सरांकडे आलं. तीन हजारांवर नावं. अनुक्रमांक, शाळेतलं शेवटचं साल, नाव, वर्ग. सर खूश झाले. इतकं मोठं काम क्लासच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच हातात आलं होतं. ते रोज सकाळी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसायचे आणि जुनी नावं टाइप करताना स्वतःशीच हसायचे. हा पुढे फौजदार झाला. ही आता नातवंडांत रमलीय. ह्याने तर शाळेच्या घंटेचा हातोडाच पळवला होता.

मग वाळवीने खाल्लेल्या सालांची पानं आली. गुरुजींच्या कापऱ्या अक्षरातली. सरांचा वेग तिथे आपोआप कमी झाला, कारण त्यातलं एक साल त्यांचं स्वतःचं होतं. आठवी ब. माळी, मुलाणी, लोखंडे, शेळके. सगळी नावं होती. सरांचं नाव नव्हतं.

त्यांनी पान उलटून पाहिलं. पाठीमागेही नव्हतं.

बरं, सरांनी आठवी अर्धवट सोडली होती हे खरं. वडिलांचा हात घणाखाली सापडला आणि पोराला भात्यावर बसावं लागलं. पण दोन वर्षांनी ह्याच हिंगमिरे गुरुजींनी लोहारसाळेत येऊन त्याचा काळवंडलेला हात धरला होता. स्टँडच्या वरच्या मजल्यावर नेऊन स्टुलावर बसवलं होतं. “ह्याची बोटं बघा,” ते तेव्हाच्या टायपिंगच्या मास्तरांना म्हणाले होते, “ही बोटं घणासाठी नाहीत.” आज जे काही होतं ते त्या स्टुलावरून आलं होतं. आणि त्याच माणसाला तीन हजार नावांत आपलं एक नाव आठवू नये!

सरांच्या मनाला ते लागलं. पण नियम म्हणजे नियम. कागदात नव्हतं, त्यांनी घातलं नाही. कुणाला बोललेही नाहीत.

यादी पुरी झाली आणि गुरुजींच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. कधी भाजीवालीच्या हाती, कधी पोस्टमनच्या. “पवार शांताबाई राहिली, सातवी. पुढच्या बाकावर बसायची.” “कांबळे यशवंत, पाचवी. पायात काटा मोडला होता.” गुरुजींची स्मरणशक्ती आता विझत चालली होती. सकाळी आठवलेलं दुपारी जायचं. म्हणून आठवलं की ते तिथल्या तिथे चिठ्ठी लिहायचे.

इकडे एक नाव मध्ये घातलं की सरांचे हाल. नऊशेव्या नंबरावर नाव आलं, की पुढचे दोन हजार आकडे एकेक करून बदलायचे. पानाच्या खाली ढकललेली ओळ पुढच्या पानावर न्यायची, तिथली त्याच्या पुढच्या. एका चिठ्ठीला दोन दिवस. पाच चिठ्ठ्या सरांनी दात-ओठ खाऊन घातल्या. बोटं सुजली, डोळे लाल झाले.

सहाव्या खेपेला गुरुजी स्वतःच काठी टेकत गाळ्यापर्यंत आले. उन्हात चालून दमले होते. बाकावर बसून म्हणाले, “मुकुंदा, एकच आहे रे. एवढं घे.”

सरांनी पडद्यावरून मान वळवली नाही. दमणूक होती, आणि खरं सांगायचं तर नाव राहिल्याचं शल्यही अजून मनात होतं.

“गुरुजी, यादी बंद झाली,” ते म्हणाले. “आता एकही नाव मावायचं नाही.”

“मावायचं नाही?”

“नाही.”

“बरं,” गुरुजी म्हणाले. चिठ्ठी त्यांनी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि काठी टेकत निघून गेले. त्यानंतर चिठ्ठ्या आल्या नाहीत. सरांना हायसं वाटलं. निदान आपल्याला हायसं वाटतंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दहा-बारा दिवस गेले. छापखान्याला चार दिवसांत मजकूर द्यायचा होता, आणि घोंगडेबाईंचा निरोप आला. “सर, पुस्तक लहान आकाराचं करायचंय. तेवढा कागदाचा आकार बदला.”

सरांनी घाबरत घाबरत आकार बदलला. झालं! क्षणात सगळी यादी विस्कटली. प्रत्येक ओळीचं शेपूट तुटून खाली लोंबायला लागलं. वर्ग एकीकडे, नाव दुसरीकडे. पान सत्तेचाळीस हा हाताने घातलेला आकडा गायकवाड आणि गुरव यांच्या मधोमध येऊन बसला. अठरा दिवसांचं काम गेलं. सरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते नुसते बघत राहिले.

त्याच वेळी जरीना मुजावर गाळ्यात शिरली. ती दूध संघाच्या ऑफिसात होती, पन्नाशी ओलांडलेली. फार पूर्वी सरांच्या क्लासात तिसऱ्या स्टुलावर बसायची. तिला बहिणीचा अर्ज टाइप करून हवा होता. स्वतःला येत असलं तरी ती अर्जाचं काम सरांकडेच आणायची, जुना मान म्हणून. सरांचा चेहरा बघून ती अर्ज विसरली.

“काय झालं हो सर?”

सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

जरीनाने खुर्ची ओढली आणि वरचं एक बटण दाबलं. एरवी न दिसणाऱ्या खुणा दाखवणारं बटण असतं, ते. पडदा ठिपक्यांनी भरून गेला. मुंग्यांची रांग फुटावी तसे ठिपकेच ठिपके, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक खूण.

“हे एवढे ठिपके कसले?” सरांनी विचारलं.

“एकेक ठिपका म्हणजे तुम्ही एकदा दाबलेला स्पेसबार.” ती हसणार होती. पण ठिपके मोजता येईनात तसं तिचं हसू ओसरलं. “सर, किती राबलात हो तुम्ही! आणि हे ओळीगणिक एंटर का मारलंत?”

सर ओशाळून म्हणाले, “घंटा वाजते ना.”

जरीना हळूच म्हणाली, “मलाही पहिली दोन वर्षं ऐकू यायची. तुम्हीच शिकवलेली. अजून कधीतरी दुपारी वाजते.”

क्षणभर जणू खाली एसटी उभी होती, खडखडाट होता आणि तिसऱ्या स्टुलावर दोन वेण्यांची मुलगी होती, असं काहीसं त्या गाळ्यात होऊन गेलं.

“शिकवतेस?” सर म्हणाले.

हा शब्द तोंडातून काढायला सरांना पंधरा वर्षं लागली होती. भिंतीवरचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

जरीनाने आधी सगळ्या कामाची एक नक्कल वेगळी जपून ठेवली. “हे पहिलं. मूळ प्रतीवर कधी थेट हात चालवायचा नाही.” मग ‘शोधा आणि बदला’ उघडून तिने जिथे जिथे स्पेसची माळ होती तिथे एकेक टॅब, म्हणजे रकाना पाडणारी खूण, आणली. सगळी यादी निवडली आणि तिचा तक्ता केला. रकाने सरळ रांगेत उभे राहिले, कवायतीला पोरं उभी राहावीत तसे. मग तिने अनुक्रमांकाचा अख्खा रकाना एका फटक्यात उडवला.

“अगं अगं!” सर किंचाळलेच. “माझे अठरा दिवस!”

“थांबा हो. हे बघा, परत आणता येतं.” तिने मागे जाण्याचं बटण दाबलं. आकडे परत आले. पुन्हा दाबलं, त्याच्याही आधीचं परत आलं. मशीनवर माफी नव्हती. एक अक्षर चुकलं की ब्लेडने खरवडा, नाहीतर पान फाडा. इथे माफीचं बटण होतं आणि ते पंधरा वर्षं त्यांच्या नाकासमोर होतं.

तिने आकडे पुन्हा उडवले, आणि आपोआप मोजणारे आकडे घातले. सालाप्रमाणे आणि मग आडनावाप्रमाणे क्रम लावायला सांगितलं. रकान्यांची नावं प्रत्येक पानावर आपणहून यावीत असं केलं. पानांचे हाताने घातलेले आकडे काढून आपोआप येणारे खाली बसवले. कागदाचा आकार लहान केला, मोठा केला, परत लहान केला. यादी हलली नाही.

“आता तुम्ही,” ती उठून म्हणाली. “कुठलंही नाव मध्ये घाला.”

सरांनी दोन बोटांनी, अगदी पहिल्या दिवशीच्या पोरासारखं, नऊशेच्या आसपास एक कोरी ओळ घातली. खालचे दोन हजार आकडे एकेक पाऊल मागे सरकले. एसटीत कुणी चढलं की आधीचे लोक सरकून जागा करतात ना, तसे. सर बघत राहिले. जरीनाला वाटलं, आता सर खूश होतील.

सरांचा चेहरा पडला.

“म्हणजे जागा होती,” ते म्हणाले. “जरीना, जागा होती गं. गुरुजी उन्हातून आले होते. मी त्यांना मावत नाही म्हणालो.”

अर्ज तसाच राहिला. सर चपला घालून निघाले, ते थेट गुरुजींच्या घरी.

दार गुरुजींच्या सुनेने उघडलं. उषाताई. तिने सरांना आत घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, “आठ दिवसांपासून माणसं ओळखेनात. चिठ्ठ्या लिहीत होते, पण कुणाकडे देत नव्हते. म्हणायचे, यादी बंद झाली. सदऱ्याच्या खिशात साठवलेल्या. मला काय ठाऊक हो, मी सदरा भिजत घातला. लगदा झाला सगळा. चार-पाच तरी असतील.”

चार-पाच माणसं. कुणी पुढच्या बाकावरची, कुणी पायात काटा मोडलेली. आता ती कोण हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुरुजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांनी सरांकडे बघितलं आणि नम्रपणे विचारलं, “आपण कोण?”

“मी... टाइपवाला, गुरुजी.”

“अरे वा, बरं झालं आलात.” गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांनी चाचपडत चष्म्याची डबी काढली. “तुमची यादी बंद झाली म्हणतात. पण एक मुलगा राहिलाय हो. एवढा एक घ्या. मी तुमच्या पाया पडतो.”

“गुरुजी, असं नका बोलू.”

“फार गुणी पोर. आठवी सोडली बिचाऱ्याने. मीच विसरलो त्याला घालायचा.” ते जरा ओशाळून हसले. “रोज समोर दिसायचा ना. आठवायची कधी वेळच आली नाही.”

सरांनी डबीतल्या चिठ्ठीची घडी उघडली. अक्षर कापरं होतं, पण वाचता येत होतं. ‘लोहार मुकुंद तुकाराम. आठवी ब. बोटं चांगली.’

सरांनी चिठ्ठी डोळ्यांना लावली आणि ते लहान मुलासारखे रडले. गुरुजींना काही कळेना. त्यांनी त्या अनोळखी टाइपवाल्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “घ्याल ना? जागा होईल ना?”

“होईल, गुरुजी. आहे जागा.”

पुढचे तीन दिवस सर रोज सकाळी गुरुजींपाशी जाऊन बसले. त्यांनी त्या चार सालांची यादी मोठ्याने वाचायची आणि गुरुजींनी ऐकायची. ऐकता ऐकता दोन नावं सापडली. बाकीची सापडली नाहीत. सरांनी घोंगडेबाईंची परवानगी घेतली आणि त्या सालांच्या शेवटी तीन ओळी कोऱ्या ठेवल्या. नुसते आकडे, पुढे काही नाही. कुणाला आपलं नाव आठवलं तर त्याने येऊन लिहावं म्हणून.

समारंभाच्या दिवशी पुस्तक गुरुजींच्या हातात दिलं. मांडव भरला होता. गुरुजींनी ते मधूनच उघडलं, चष्मा लावला आणि, काय मनात आलं कोण जाणे, हजेरी घ्यायला लागले. अगदी वर्गातल्या आवाजात.

“माळी सुभद्रा.”

कुणीतरी पांढऱ्या केसांची बाई मांडवातून म्हणाली, “हजर, गुरुजी.”

“मुलाणी बशीर.”

“हजर.”

काही नावांना उत्तर आलं नाही. गुरुजी थोडे थांबत आणि पुढे जात. लोक डोळे पुसत होते. मग त्यांचं बोट एका ओळीवर टेकलं.

“लोहार मुकुंद तुकाराम.”

सगळ्यात मागे, जरीनाशेजारी बसलेला चौसष्ट वर्षांचा माणूस उठून उभा राहिला.

“हजर, गुरुजी.”

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“उशीर केलास रे, मुकुंदा,” ते म्हणाले. “बस खाली.” आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

तात्पर्य: नवं साधन घेतलं तर ते शिकूनही घ्यावं, आणि शिकवणारी आपलीच शिष्या असली तरी लाजू नये. मोजण्या-मांडण्याचं काम यंत्रावर सोपवावं. नाहीतर आपले हात त्यातच अडकून राहतात, आणि दारात आलेल्या माणसाला आपण जागा नाही म्हणून परत पाठवतो.